रुद्रमादेवी: हेमाडपंत, मार्को पोलो आणि चंदुपटलाचा दगड

वारंगळची काकतीय राणी रुद्रमादेवी म्हटलं की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, की तिच्या वडिलांनी म्हणजे गणपतिदेवाने तिला मुलगा म्हणून वाढवलं आणि ती बाई आहे हे कित्येक वर्षं कुणाला कळलंच नाही. यात खरं एवढंच की शिलालेखांत तिचं नाव बरेचदा पुरुषी, ‘रुद्रदेव महाराज’ असं कोरलंय. पण शेजारच्यांना सगळं ठाऊक होतं, आणि पुरावा चक्क आपल्या देवगिरीचा आहे. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, महादेवराय यादवाची स्तुती करताना लिहितो की राजाने आंध्रच्या राणीला स्त्री म्हणून मारलं नाही. आता ही झाली दरबारी स्तुती, कारण यादवांच्या मुलखातल्या बिदरच्या किल्ल्यात तिच्या सरदाराचा शिलालेख मिळालाय, म्हणजे तिकडे जोर तिचाच होता असं मला तरी स्पष्ट दिसतं.

मार्को पोलो तिला राजाची विधवा म्हणतो. साफ चूक, ती गणपतिदेवाची मुलगी, तिचा नवरा चालुक्य घराण्यातला वीरभद्र. शिवाय पोलो दक्षिणेत आला 1290 नंतर आणि राणी अजून राज्य करतेय असं सांगतो, म्हणजे हे सगळं ऐकीव.

कारण तोवर राणी हयातच नव्हती, आणि याचा पुरावा म्हणजे नळगोंडा भागातल्या चंदुपटला गावचा तेलुगू शिलालेख. त्यावर शक 1211, विरोधी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी अशी तारीख आहे. अशी तारीख तपासता येते हे मला फार आवडतं: संवत्सरांचं चक्र 60 वर्षांचं, आपल्या पंचांगात शक 1909 म्हणजे 1987 साली ‘प्रभव’ होतं, तिथून मागे मोजत 1211 पर्यंत गेलं की बरोब्बर तेविसावं नाव येतं, विरोधी! शक आणि संवत्सर जुळले की कोरणाऱ्याची चूक असण्याची शक्यता खूप कमी होते, आणि तिथीवरून दिवस निघतो 27 नोव्हेंबर 1289. हा लेख सापडण्याआधी इतिहासकार तिचा मृत्यू आणखी काही वर्षांनी झाला असं धरायचे.

हा लेख कुणा राजकवीचा नाही, तिचा सेनापती मल्लिकार्जुन नायडू याच्या सेवकाचा आहे. राणी आणि आपला धनी, दोघं शिवलोकी गेले म्हणून त्यांच्या पुण्यासाठी त्याने देवाला जमीन दिली. दोघं अंबदेव या बंडखोर सरदाराशी लढताना पडले असं इतिहासकार मानतात, दगडावर मात्र लढाईचा शब्द नाही, राणी आणि सेनापती यांची नावं तेवढी एकत्र आहेत.