उष्णता टाकायची कुठे: छोट्या वॉटर-कूल्ड गेमिंग पीसीमागचा इतिहास

सोलापुरात कॉलेजच्या परीक्षा संपतात तेव्हा पारा ४२ च्या घरात असतो, आणि पोरांना गेमिंग पीसी बांधायची हौस येते तीही नेमकी तेव्हाच. अलीकडे मागणी बदलली आहे. टेबलाखाली ठेवायचा मोठा टॉवर नको असतो. टेबलावर मावेल, पुण्याला हॉस्टेलवर जाताना सॅकमध्ये टाकून नेता येईल असा डबा हवा असतो आणि आत नळ्यांतून पाणी फिरायला हवं असतं. ‘पाणी फिरतंय म्हटल्यावर उन्हाळ्याची काळजी नाही ना?’ हा प्रश्न हमखास येतो. काळजी आहेच. ती का आहे हे समजून घ्यायचं तर पाणी कॉम्प्युटरमध्ये शिरलं कसं, मधल्या काळात बाहेर का गेलं आणि परत कसं आलं, ते बघावं लागतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. या यंत्रातलं पाणी फक्त हमाली करतं. चिपवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून उष्णता उचलायची, पंपाच्या जोरावर रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथे पंख्याच्या वाऱ्यावर सोडून द्यायची. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता पोटात घेतं, तेवढी घ्यायला हवा साडेतीन हजार लिटरच्या आसपास लागते. त्यामुळे वाहतुकीला पाण्यासारखं दुसरं काही नाही. पण शेवटचा व्यवहार हवेशीच होतो. खोलीतली हवा ३८ अंशांवर असेल, तर रेडिएटरमधलं पाणी ३८ च्या खाली जाणार नाही, पंखे कितीही जोरात फिरवले तरी.

पाण्याचा पहिला प्रवेश झाला तो मोठ्या यंत्रांत. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ मध्ये, हवा ज्या वाटेने सर्किटांवरून फिरत होती त्या वाटेवर गार पाण्याच्या नळ्या बसवल्या होत्या. १९८० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये पाणी चिपच्या फार जवळ आलं. तिथे शंभराहून अधिक चिप एका सिरॅमिकच्या चौकोनी पाटीवर बसवलेल्या होत्या. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा छोटा दट्ट्या, मधल्या फटींत हेलियम वायू आणि सगळ्याच्या वर पाण्याने गार ठेवलेली थाळी. हेलियम का, तर तो हवेपेक्षा कितीतरी चांगली उष्णता वाहतो. आजचा वॉटरब्लॉक उघडून बघितला की मला या रचनेची आठवण होते. मधला हेलियम जाऊन चिप आणि ब्लॉक यांतली फट भरणारी थर्मल पेस्ट आली, बाकी विचार तोच. १९८५ च्या क्रे-२ ने तर पाणीही बाजूला ठेवलं आणि सर्किट बोर्ड थेट फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवले.

आणि मग पाणी गेलं. १९९० च्या दशकात मोठी यंत्रं बायपोलर ट्रान्झिस्टर सोडून कमी वीज खाणाऱ्या सीमॉस जातीच्या ट्रान्झिस्टरवर आली, त्यांची विजेची भूक एकदम खाली आली आणि पंखे पुरेसे ठरू लागले. घरगुती पीसीला तर तोवर पाण्याची गरज कधी पडलीच नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या प्रोसेसरवर साधा हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा पात्यांचा ठोकळासुद्धा नव्हता. प्रोसेसरवर पंखा बसवायची पद्धत ४८६ च्या शेवटच्या काळात आणि १९९३ च्या पेंटियमबरोबर रुळली. तो पहिला पेंटियम जेमतेम १५-१६ वॅट खायचा.

घरच्या पीसीत पाणी आणलं ते हौशी लोकांनी, आणि या सगळ्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. स्वस्तातला प्रोसेसर, वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण मदरबोर्डवर बसचा, म्हणजे प्रोसेसरला ताल देणाऱ्या वाहिनीचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच प्रोसेसर ४५० वर धावायचा, म्हणजे महागड्या पेंटियम टूच्या बरोबरीने. फुकटात दीडपट वेग मिळतो म्हटल्यावर जगभरची पोरं ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर पळवायच्या मागे लागली. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, व्होल्टेज वाढवलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि त्या काळचे छोटे ॲल्युमिनियमचे हीटसिंक तिथे हात टेकत.

बाजारात तयार सामान नव्हतं, म्हणून लोकांनी मिळेल ते जोडलं. पंप मासे पाळायच्या टाकीचा. जर्मनीच्या एहाइम कंपनीचे पंप त्यासाठी प्रसिद्ध झाले. रेडिएटर गाडीतल्या हीटरचा. अमेरिकेत जुन्या पाँटियाक बोनेव्हिल गाडीच्या हीटर कोअरला चांगलीच मागणी होती, कारण तो तांबं-पितळेचा होता आणि पंख्याच्या मापाशी जुळायचा. ब्लॉक तांब्याच्या ठोकळ्यातून घरी किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कोरून घेतलेला. नळ्या बागेच्या नाहीतर प्रयोगशाळेच्या, आणि त्यावर होज क्लिप आवळलेल्या. युरोपातल्या काही मंडळींनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या कारखानी यंत्रांचे, नळी नुसती दाबली की बसणारे जोड वापरले. आज जगभर वॉटरब्लॉकवर जे आटे असतात ते जी-पाव इंची, म्हणजे पाइपाच्या ब्रिटिश मापातले. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची न्यूमॅटिक फिटिंग मागितली तर लूमवाल्यांसाठी ठेवलेली जी वस्तू समोर येते, ती या घराण्यातलीच आहे. मात्र ती सरसकट लूपला, म्हणजे पीसीतल्या पाणी फिरायच्या बंद वाटेला लावू नका. तिच्या आट्यांची जात आणि आतला सील दोन्ही तपासावे लागतात.

त्या काळात सोलापुरात असं काही करायचं तर सामानासाठी मुंबई गाठावी लागे. लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड घ्यायचा, तो छातीशी धरून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने यायचं, आणि घरी येऊन लावल्यावर चालला नाही तर पुन्हा तीच वारी. पाण्याच्या भानगडीत पडणारा विरळाच. आज कुरिअर दारात येतं, आणि नव्या पिढीला हा फरक सांगूनही पटत नाही.

२००४ च्या सुमाराला हौस संपून गरज सुरू झाली. तोवर असं चाललं होतं की ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याची विजेची गरजही त्याच प्रमाणात घटायची. हे गणित मोडलं. इंटेलचा प्रेस्कॉट पेंटियम फोर शंभर वॅटच्या पुढे गेला आणि त्याच्या पुढचा, टेजस नावाचा प्रोसेसर कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. त्याच वर्षी ॲपलने पॉवर मॅक जी-५ च्या सगळ्यात वेगवान मॉडेलमध्ये द्रवाचं कूलिंग दिलं, आणि ते बनवलं होतं गाड्यांचे भाग करणाऱ्या डेल्फीने. पुढे त्यातल्या काही यंत्रांतून कूलंट गळल्याचंही दिसलं. पाण्याची भीती लोकांच्या मनात बसली ती काही उगाच नाही.

ती भीती बरीचशी घालवली डेन्मार्कच्या एसेटेकने. पंप आणि ब्लॉक एकाच डबीत, नळ्या कारखान्यातच जोडून बंद केलेल्या, पाणी भरायचं नाही की बघायचं नाही. २००९ मध्ये कोर्सेअरचा एच ५० हा त्यांच्याच रचनेवर बाजारात आला आणि ‘एआयओ’ (ऑल-इन-वन) हा शब्द दुकानदारांच्या तोंडी बसला. ज्यांना स्वतः लूप जोडायचा होता त्यांच्यासाठी तोवर स्लोव्हेनियाच्या ईकेसारख्या कंपन्या ब्लॉक विकत होत्या. पंप होते लाइंगचे डी-५ आणि डीडीसी, तेही १२ व्होल्टवर चालणारे. घरच्या २३० व्होल्टवर चालणारा माशांच्या टाकीचा पंप पीसीच्या पोटातून गेला, ही सुरक्षिततेच्या दृष्टीने फार मोठी सुधारणा होती.

दुसरी गोष्ट डब्याची. ती कितीतरी वर्षं या पाण्याच्या गोष्टीला न भेटताच चालली. १९९५ मध्ये इंटेलने ठरवलेला एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. त्याच्याभोवतीचा टॉवर सहज ४५-५० लिटरचा होतो. २००१ मध्ये तैवानच्या व्हियाने १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड मांडला, तो कमी वीज खाणाऱ्या, शांत बसणाऱ्या यंत्रांसाठी. गेम खेळायला कुणी वापरेल हे तेव्हा कुणाच्या मनातही नसावं. शटल कंपनीचे छोटे चौकोनी पीसी त्याच वर्षी सुरू झाले. पुढे दहा वर्षांत मिनी-आयटीएक्सवर पूर्ण ताकदीचे प्रोसेसर बसू लागले. २०१२ मध्ये असूसने तर पी८झेड७७-आय डिलक्समध्ये वीज पुरवणारं सर्किट वेगळ्या उभ्या पाटीवर काढलं, कारण आडवी जागाच उरली नव्हती.

२०१३ मध्ये लोकवर्गणीतून एनकेस एम १ निघाला. आराखडा हौशी लोकांचा, बनावट तैवानच्या लियान लीची, आकार साडेबारा लिटरच्या आसपास. घरोघरी येणाऱ्या २० लिटरच्या पाण्याच्या जारपेक्षाही लहान, आणि त्यात पूर्ण लांबीचं ग्राफिक्स कार्ड व २४० मिलिमीटरचा रेडिएटर दोन्ही बसत. मग जर्मनीत आखलेला डॅन ए४ आला, ७.२ लिटरचा. त्यात मदरबोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे, मधे दोघांना जोडणारी रायझर केबल. २०१६ पासून कोर्सेअरच्या एसएफ ६०० सारखे चांगले एसएफएक्स, म्हणजे छोट्या मापाचे पॉवर सप्लाय मिळू लागले आणि छोट्या डब्याची शेवटची अडचण दूर झाली.

दोन्ही गोष्टींची गाठ पडली ती ग्राफिक्स कार्डामुळे. जीटीएक्स १०८० ची मर्यादा २०१६ मध्ये १८० वॅट होती. २०२० चं आरटीएक्स ३०८० हे ३२० वर गेलं, २०२२ चं ४०९० हे ४५० वर आणि २०२५ चं ५०९० हे ५७५ वर. कार्डाचा एवढा जाड आकार चिपमुळे होत नाही, चिपवरच्या हवेच्या कूलरमुळे होतो. ४०९० तर डब्यातल्या तीन कार्डांची जागा (तीन स्लॉट) अडवतं. तो कूलर काढून पाण्याचा ब्लॉक लावला की कार्ड पातळ होतं आणि सुटलेली जागा रेडिएटरला देता येते. छोट्या डब्यात पाणी येतं ते मुख्यतः यासाठी. तापमान दोन अंशांनी उतरतं म्हणून नव्हे, उष्णता टाकायची जागा आपल्याला निवडता येते म्हणून. लूपमध्ये आधी प्रोसेसर की आधी कार्ड यावर तासन्‌तास वाद होतात, पण मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि ५०० वॅट उष्णता मिळत असेल, तर पूर्ण फेरीत पाणी दोन अंशसुद्धा तापत नाही. नळ्या जिथून सरळ जातील तिथून न्याव्यात.

आता सोलापूर. इथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे ‘याला पाणी किती लागतं?’ असं घरातली मोठी माणसं विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर सोपं आहे: लूप बंद असतो, छोट्या पीसीत सगळं मिळून एक लिटरच्या आतच पाणी असतं, आणि ते वर्षभर पुरतं. पण ते नळाचं किंवा बोअरचं चालत नाही. ब्लॉकच्या आत तांब्याच्या पात्यांमधल्या फटी मिलिमीटरच्या काही दशांश एवढ्याच असतात. बोअरच्या पाण्यातले क्षार तिथे बसले की प्रवाह अडला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला जे डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते चांगल्या प्रतीचं असेल तर चालतं, मात्र त्यात शेवाळ आणि गंज रोखणारं औषध टाकावं लागतं. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच लूपमध्ये कधीही नको. दोन धातूंत पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

पूर्व भागात यंत्रमागाशेजारी घर असेल तर कापसाचे तंतू हा वेगळाच विषय आहे. दाट पात्यांचा रेडिएटर तिथे आठवडाभरात पांढऱ्या थराने झाकतो. विरळ पात्यांचा घ्यावा, समोर जाळी लावावी आणि ती काढून झटकता येईल अशी ठेवावी.

उन्हाळ्याचं गणित मात्र कागदावर मांडूनच डबा निवडावा. प्रोसेसर ९० वॅट, कार्ड २२० वॅट, मिळून ३१०. एवढं एका पातळ २४० च्या रेडिएटरवर टाकलं तर पाणी खोलीपेक्षा १५-१८ अंश वर जातं. खोली ३८ वर असेल तर पाणी ५५ च्या आसपास. या पंपांची मर्यादा साधारण ६० ची असते, आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्याच सुमाराला मऊ पडायला लागतात. शिवाय ती सगळी उष्णता खोलीतच राहते. एक टनाचा एसी जेवढी उष्णता बाहेर काढतो, तिचा अकरावा हिस्सा हा एक डबा एकटा खाऊन टाकतो.

या शहराला कोरड्या हवेवरचा उपाय जुना माहीत आहे. १८७० च्या दशकात सुरू झालेली जुनी मिल, मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशी गिरण्यांची रांग लागली. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरण्यांच्या स्पिनिंग खात्यात हवेत पाणी सोडून ओलावा राखावा लागतो आणि त्याबरोबर हवेचं तापमानही उतरतं. आपला घरचा कूलर त्याच तत्त्वावर चालतो, आणि मे महिन्यातल्या सोलापूरच्या दुपारी तो हवा दहा अंशांच्या आसपास सहज खाली आणतो. कूलर खोलीत लावला, खिडकी थोडी उघडी ठेवली आणि रेडिएटरचे पंखे त्या हवेला आत ओढतील असे बसवले, तर वरचं ५५ चं पाणी ४५ वर येतं. तुषार थेट डब्यावर येऊ देऊ नयेत, एवढंच बघायचं. हे जमणार नसेल, तर एकाच २४० च्या रेडिएटरवर २०० वॅटच्या वरचं कार्ड सोलापुरात लावू नये, नळ्या ईपीडीएम रबराच्या घ्याव्यात, आणि दोन रेडिएटर बसतील असा १५-१८ लिटरचा डबा घ्यावा. सॅक थोडी मोठी लागेल.