अनोळखी बोन्सायची जात ओळखणे (कोकण किनारा)

बोन्सायची जात ठरवताना पानाच्या आकाराने हमखास फसायला होते. मुळे आणि शेंडे सतत छाटल्यामुळे पाने आखडतात. फुले-फळे मात्र फारशी आखडत नाहीत. हातभर चिंचेलाही जवळपास नेहमीएवढे आकडे धरतात. म्हणून कुंडीमुळे बदलत नाही ते आधी पाहावे: पाने समोरासमोर की एकाआड एक, देठ खुडल्यावर चीक येतो का, चुरगळल्यावर वास कसला.

कोकणात पुष्कळ बोन्सायची रोपे चिऱ्याच्या गडग्यातून किंवा विहिरीच्या कठड्यातून उपटून आणलेली असतात आणि ती बहुधा वड-पिंपळाच्या गोतातली निघतात. त्यांचा चीक पांढरा असतो. कोवळा शेंडा टोकदार टोपणात झाकलेला असतो; ते गळाले की पेराभोवती अंगठीसारखा वळ उरतो. मात्र चीक आणि वळ फणसालाही असतात, आणि कोकणात हे विसरून चालत नाही. फणसाच्या कोवळ्या रोपाची पाने बरेचदा खाचांची असतात, त्यावरून उलगडा होतो. करवंदालाही पांढरा चीक येतो, पण त्याची पाने समोरासमोर, काटे जोडीने, आणि पेराला वळ नाही. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

गोत कळल्यावर पानाचे टोक पाहावे. पिंपळाची शेपटी लांब. नांद्रुकाचे पान जाडसर, टोक आखूड. रोपवाटिकांतून येणाऱ्या बेंजामिनाचे पान त्याहून पातळ आणि अणकुचीदार. नांद्रुक आणि बेंजामिना यांची गल्लत सर्वांत जास्त होते.

सुरूचे बोन्साय ‘पाइन’ म्हणून सर्रास खपते. त्याची एक हिरवी काडी भिंगाखाली धरावी. ती सांध्यासांध्यांची असते, हलके ओढली की सांध्यावर सुटते, आणि प्रत्येक सांध्याभोवती साधारण ६ ते ८ बारीक दातांचे कडे दिसते. ते दात हीच सुरूची खरी पाने. काडी म्हणजे डहाळी. पाइनच्या सुईला सांधे नसतात आणि सुया झुबक्याने येतात.

विलायती चिंचेच्या पानात चारच पर्णिका (पानातली छोटी पाने) असतात आणि देठाशी काटे. साध्या चिंचेला काटे नाहीत आणि पर्णिकांच्या पुष्कळ जोड्या असतात. कामिनीचे पान उजेडात धरले की ठिपके दिसतात, चुरगळले की लिंबाच्या जातीचा वास येतो. कार्मोना या बोन्सायच्या झुडपाचे पान खरखरीत, टोकाकडे मोजके दात.

एवढ्यावर न उलगडल्यास एक फांदी पावसाळाभर न छाटता वाढू द्यावी. त्या फांदीवरची पाने मूळ आकाराकडे जातात आणि रानातल्या झाडाशी ताडून पाहता येतात. फूल किंवा फळ मिळाल्यास देठासह दाबून सुकवावे. असा नमुना दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवावा. मोबाइलवरच्या फोटोपेक्षा तो कितीतरी भरवशाचा, कारण पेर, वळ आणि पानाची मागची बाजू फोटोत बहुधा येत नाही.