स्टार्टर पेटी उघडण्याआधी मीटरचा फ्यूज बघा

सांगलीत मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा हातातला मीटर) घ्यायला गेलात तर दोन-तीनशे रुपयांचाही मिळतो आणि कित्येक हजारांचाही. गंमत म्हणजे दोन्ही नव्या सेलला लावले तर आकडा जवळपास सारखाच येतो. स्वस्त पिवळ्या मीटरची डीसी व्होल्टची चूक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, आणि सप्लाय ४.९८ आहे की ५.०१, यावाचून कुणाची दुरुस्ती अडत नाही.

फरक पडतो तो नाजूक सर्किटमध्ये. मोजताना मीटर स्वतःही थोडा करंट ओढतो. १० व्होल्टला १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. मधल्या जोडावर ५ व्होल्ट यायला हवेत. पण स्वस्त मीटरचा स्वतःचा रोध बऱ्याचदा १ मेगाओहमच असतो, त्यामुळे तो ३.३३ दाखवतो. १० मेगाओहमवाला ४.७६ दाखवतो. थापा दोघेही मारतात, एक जरा बेतानं.

एसीमध्ये स्वस्त मीटर सरासरी काढून तिला १.११ ने गुणतो. हा हिशेब फक्त साइन वेव्हपुरता, म्हणजे घरच्या विजेच्या गोलसर लाटेपुरता. लोडशेडिंगसाठी घेतलेल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो ११ टक्के जास्त सांगतो. तिथे ट्रू आरएमएस, म्हणजे लाट कशीही असली तरी तिची खरी परिणामी किंमत मोजणारा मीटर हवा. कुपवाड एमआयडीसीत व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) काम करणाऱ्याला तर वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट गाळणारा लो-पास फिल्टरही लागतो.

पण माझ्या मते जादा पैसे मोजायचे ते यासाठी नाहीतच. स्वस्त मीटरवर १० अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे इथे फ्यूज नाही, असं छापलेलं असतं. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब तिथंच राहिली आणि उसाच्या रानातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये दोन फेजना टेकवली, की ४१५ व्होल्टमध्ये थेट शॉर्ट, तोही हातात धरलेल्या मीटरमधून. चांगल्या मीटरमध्ये तिथे वाळू भरलेला एचआरसी (मोठा शॉर्ट करंट सुरक्षितपणे तोडणारा) फ्यूज असतो. तार वितळल्यावर उठणारी ठिणगी त्या वाळूत विझते. शिवाय कॅट थ्री ६०० व्होल्टचा, म्हणजे इमारतीच्या पक्क्या वायरिंगवर वापरायच्या सुरक्षा-वर्गातला मीटर ६,००० व्होल्टची क्षणिक उसळी सोसतो की नाही, हे तपासलेलं असतं.

अर्थात ‘कॅट थ्री’ कुणीही छापतो. म्हणून जमलं तर दुकानातच मागचं झाकण उघडायला सांगा. आत काचेची बारीक फ्यूज-नळी दिसली, तर तो मीटर सोल्डरिंग शिकणाऱ्या पोराला बारा व्होल्टपर्यंत खुशाल द्या. वायरमनच्या पिशवीत मात्र तो नको.