जेट सेट रेडिओ फ्यूचर : समीक्षकांचा व खेळाडूंचा प्रतिसाद

जेट सेट रेडिओ फ्यूचर हा सेगा कंपनीचा व्हिडिओ गेम. तिच्याच स्माइलबिट या विभागाने तो मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स या कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रासाठी) तयार केला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये जपान व अमेरिकेत तो विक्रीला आला. चाकांचे बूट घातलेली तरुण पोरे २०२४ सालच्या कल्पित टोकियोत कठड्यांवरून, विजेच्या तारांवरून घसरत फिरतात आणि भिंतींवर स्प्रेने चित्रे काढतात. शहर रोक्काकू नावाच्या उद्योगसमूहाने गिळले आहे, पोलीसही त्याच्याच तालावर नाचतात आणि प्रोफेसर के हा निवेदक चोरट्या रेडिओ केंद्रावरून या पोरांना वाट दाखवतो. ड्रीमकास्ट या सेगाच्या कन्सोलवर २००० साली आलेल्या जेट सेट रेडिओची ही नव्याने मांडलेली आवृत्ती, म्हणजेच दुसरा भाग होय.

समीक्षकांनी या गेमचे स्वागत मनापासून केले. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याचे सरासरी गुण शंभरात ८५ च्या वर आहेत. स्तुती झाली ती मुख्यतः दिसण्याची आणि ऐकण्याची. जाड काळी बाह्यरेषा आणि सपाट, भडक रंग वापरून त्रिमितीतली पात्रे हाताने रेखाटल्यासारखी दाखवण्याच्या तंत्राला सेल शेडिंग म्हणतात. हे तंत्र वापरणाऱ्या सुरुवातीच्या गेममध्ये पहिल्या जेट सेट रेडिओची गणना होते. दुसऱ्या भागात एक्सबॉक्सच्या ताकदीमुळे रस्ते लांबरुंद झाले, गर्दी वाढली, वेग वाढला.

मतभेद झाले ते खेळण्याच्या पद्धतीवर. पहिल्या भागात वेळेची मर्यादा होती आणि मोठे चित्र काढताना हातातल्या कंट्रोलरवरची काठी ठरावीक दिशांनी फिरवावी लागे. मागे पोलीस असल्याने हात थरथरायचा. दुसऱ्या भागाच्या मुख्य कथेतून घड्याळ गेले आणि फवारा एका बटणावर आला. काहींना यामुळे गेम सोपा, म्हणून हलका वाटला. प्रस्तुत नोंदकाराला हे पटत नाही. घड्याळ गेल्यावरच खेळणारा मान वर करून शहर पाहू लागतो, आणि या गेमची खरी करामत ते शहर रचण्यातच आहे. मात्र दुसरी तक्रार रास्त आहे : पुढे कुठे जायचे हे पुष्कळदा उमगत नाही, राहिलेली एखादी भिंत शोधण्यात बराच वेळ जातो, आणि सांडपाणी केंद्राच्या टप्प्यात उंचावरून घसरला की पुन्हा तळापासून चढावे लागते. या टप्प्यावरचा खेळाडूंचा राग आजही ओसरलेला नाही.

एवढी वाहवा होऊनही विक्री बेताचीच राहिली. जपानमध्ये एक्सबॉक्स या गेमच्याच दिवशी, २२ फेब्रुवारीला, बाजारात आला आणि तिथे तो कधीच रुजला नाही. २००२ च्या उत्तरार्धात अमेरिकेत नव्या एक्सबॉक्ससोबत सेगा जीटी २००२ आणि हा गेम एकाच डिस्कवर देण्यात आले. पुष्कळ घरांत तो असा पोचला. न मागता मिळालेल्या डिस्कमधून त्याला निष्ठावंत चाहते लाभले.

भारतात मायक्रोसॉफ्टने रीतसर आणलेला पहिला कन्सोल म्हणजे २००६ चा एक्सबॉक्स ३६०. त्यामुळे सांगली-मिरजेतल्या खेळाडूला हा गेम आपल्याकडच्या दुकानात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. इथे तो आधी कानांनी पोचतो. हिदेकी नागानुमा यांची त्यातली गाणी यूट्यूबवर सहज सापडतात. नागानुमा बोलण्याचे आणि गाण्याचे तुकडे कापून, उलटसुलट जोडून त्यांचा ठेका करतात. शब्द असतात, पण अर्थ लावत बसावे लागत नाही. तराण्यातल्या बोलांसारखे ते लयीसाठीच येतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. पुढे एखाद्याला गेम खेळावासा वाटला तर संगणकावर झेमूसारखा एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारी प्रणाली) आहे, पण त्यासाठी मूळ डिस्क लागते आणि ती मिळवणेच अवघड.

भिंती रंगवण्याचा भाग सांगलीकराला परका नाही. खते, बियाणे, सिमेंट यांच्या जाहिरातींनी आणि निवडणुकीच्या घोषणांनी इथल्या भिंतीही भरतात. विनापरवाना रंगवणाऱ्यांसाठी राज्यात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. म्हणून ‘भिंत कोणाची?’ हा या गेममधला प्रश्न इथे नुसत्या गंमतीचा राहत नाही. गेमचे उत्तर ठाम आहे : जो तिथे राहतो, फिरतो, त्याची. पाश्चात्त्य समीक्षांत या बाजूकडे रंगांच्या मानाने कमी लक्ष गेले, हे खटकते. स्केटिंगचे म्हणाल तर कृष्णाकाठच्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात खचतात. छोट्या चाकांना ते मानवत नाहीत. पडद्यावरच्या त्या अखंड, गुळगुळीत वाटांची ओढ इथे जास्त वाटली तर नवल नाही.

पहिला भाग २०१२ मध्ये सुधारित चित्रांसह पुन्हा निघाला. दुसऱ्याच्या नशिबी ते आले नाही. एक्सबॉक्स ३६० वर जुनी डिस्क चालते, त्यापुढच्या एक्सबॉक्सवर नाही. ही पोकळी ओळखून नेदरलँड्सच्या टीम रेप्टाइल या संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये बॉम्ब रश सायबरफंक काढला. त्यातही नागानुमांची गाणी आहेत. तो संगणकावर रीतसर विकत मिळतो, त्यामुळे या धाटणीचा गेम सांगलीत बसून खेळायचा तर तोच सोपा मार्ग. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेगाने नव्या जेट सेट रेडिओची घोषणा केली.