शिक्षक दोन, जोडी एक

वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा. पट अठरा, शिक्षक दोन. पहिली-दुसरी एका बाई घेतात, तिसरी ते पाचवी गुरुजी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा शाळा ठिकठिकाणी दिसतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला साठ पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. अशा शाळांतल्या शिक्षकांच्या सहकार्याचा अभ्यास करायचा म्हणून ‘तुम्ही एकमेकांना सहकार्य करता का’ असं या दोघांना विचारलं तर उत्तर काय येणार? न करून सांगतात कुणाला! एक जण पंचायत समितीत माहिती द्यायला गेला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं वाटून घेतलेलं. पण त्यामुळे भागाकार शिकवण्याची रीत सुधारते का, हे त्या उत्तरातून कळत नाही.

अमेरिकेतल्या अभ्यासक ज्युडिथ वॉरन लिटल यांनी १९९०मध्ये सहकार्याचे चार प्रकार मांडले. गप्पांतून एकमेकांच्या वर्गातले किस्से कानावर पडणं, अडलं तर मदत मागणं, साहित्य आणि कल्पनांची देवाणघेवाण, आणि संयुक्त काम. पहिल्या तिन्हींत ज्याचा वर्ग त्याच्यापाशीच राहतो. चौथ्यात धडा मिळून आखायचा आणि मुलांना तो समजला नाही तर त्याची जबाबदारीही मिळून घ्यायची. ‘आठवड्यातून किती वेळा चर्चा करता?’ अशा प्रश्नावलीत हे चारही एकाच रकान्यात कोंबले जातात. माझ्या मते शिक्षक-सहकार्यावरची बरीच मोजमापं इथेच फसतात.

छोट्या शाळेत आणखी एक पेच आहे, आणि तो साध्या गणिताचा आहे. दोन शिक्षकांत जोडी एकच होते. समजा, अशा दहा शाळांचं एक केंद्र आहे. वीस शिक्षकांत १९० जोड्या संभवतात. त्यातल्या शाळेच्या भिंतीआड फक्त दहा. उरलेल्या १८० शाळेबाहेरच्या. शिवाय पहिली-दुसरीच्या बाईंना तेच वर्ग घेणारं दुसरं माणूस हवं असेल, तर ते स्वतःच्या शाळेत नसतंच. म्हणजे अभ्यास शाळेचा करून भागत नाही, केंद्राचा करावा लागतो.

त्यासाठी जाळ्याचा नकाशा काढतात. प्रत्येकाला विचारायचं: गेल्या महिन्यात शिकवण्यातली अडचण कुणाला विचारलीत? उत्तरांचे बाण कागदावर मांडायचे. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत. ज्याच्याकडे सर्वाधिक बाण जातात तो केंद्रप्रमुख असेलच असं नाही. कोकणात या बाणांना सडे आणि खाड्याही वळवणार. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने काही मिनिटांत पोचता येतं, रस्त्याने गेलं तर मोठा वळसा. पण धोपावे गुहागर तालुक्यात आणि दाभोळ दापोलीत. कागदावरचे शेजारी वेगळे, फेरीबोटीतले वेगळे. सगळे हमखास भेटतात ते शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या ठरलेल्या बैठकीत. अशा नेमून दिलेल्या भेटींना शिक्षणाचे अभ्यासक अँडी हारग्रीव्ह्ज यांनी ‘लादलेली सहकारिता’ म्हटलं. ही टीका थोडी कठोर वाटते खरी. एरवी कुणी भेटतच नसेल तर लादलेली भेटही काही वाईट नाही.

मग परिणाम कसा तपासायचा? मुलांच्या गुणांवरून, हे सोपं उत्तर इथे दगा देतं. पाच मुलांना ८०, ७०, ६०, ५० आणि २० गुण पडले तर सरासरी ५६. शेवटचं मूल आईबापांबरोबर मुंबईला गेलं की सरासरी थेट ६५. शिकवण्यात काडीचा बदल नाही! अर्थतज्ज्ञ थॉमस केन आणि डग्लस स्टायगर यांनी २००२मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शाळांबद्दल हेच दाखवलं: लहान शाळांचे निकाल वर्षागणिक जास्त हेलकावतात. म्हणून अनेक शाळांचा, अनेक वर्षांचा आणि त्याच त्या मुलांचा माग ठेवावा लागतो. नाव गुप्त ठेवणंही कठीण. ‘एका शिक्षिकेने सांगितलं’ एवढं छापलं तरी सगळ्या केंद्राला कळतं कोण ते.

त्याच नॉर्थ कॅरोलायनात किराबो जॅक्सन आणि एलियास ब्रुगमन या अभ्यासकांनी २००९मध्ये एक वाट दाखवली. एखाद्या इयत्तेचे सहकारी बदलले की जे शिक्षक तिथेच राहिले त्यांच्या मुलांचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. अधिक चांगला शिकवणारा सहकारी आला की शेजारच्या वर्गातल्या मुलांचे गुणही वाढत होते, आणि आधीच्या दोन वर्षांतल्या सहकाऱ्यांचाही ठसा उरलेला दिसत होता. कोकणात घाटावरचे अनेक शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपल्या जिल्ह्यात परततात. गावाला ती डोकेदुखी असते. पण कोण कधी आलं आणि कधी गेलं याच्या नोंदी दप्तरी असतात. त्या त्याच मुलांच्या पुढच्या काही वर्षांच्या चाचण्यांशी जोडल्या, तर गेलेल्या गुरुजींची रीत मागे राहिलेल्या बाईंच्या वर्गात टिकली का, हे बरंचसं तपासता येईल.