बाबांच्या जागी की बाबांच्या जोडीला?

आईनं दुसरं लग्न केलं की नातेवाईक मुलाला सांगतात, 'आता हेच तुझे बाबा.' सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण बाबांच्या जागी येणं आणि बाबांच्या जोडीला येणं, या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एक होऊन जातात. बाहेरून फरक कळत नाही. क्लासची फी तोच माणूस भरतो, पालकसभेलाही तोच जातो.

'जागी' आलेल्या घरात पहिल्या बाबांचं नाव निघेनासं होतं, फोटो कपाटात जातात, त्यांच्या आईवडिलांकडे जाणं तुटतं. मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नव्या माणसाशी हसून बोलणंसुद्धा बेइमानी वाटतं. त्याचा राग पुष्कळदा त्या माणसावर नसतोच, पुसून टाकण्यावर असतो. 'जोडीला' आलेल्या घरात त्याला कुणा एकाची निवड करावी लागत नाही.

अमेरिकेत घटस्फोटानंतरच्या अशा कुटुंबांचा बराच अभ्यास झाला आहे. लिन व्हाइट आणि जोन गिलब्रेथ यांनी २००१ मध्ये आणि व्हॅलरी किंग यांनी २००६ मध्ये दाखवलं, की किशोरवयीन मुलं दोन्ही वडिलांच्या जवळची असू शकतात, आणि दोन्ही नाती चांगली असली की उदासी किंवा वागण्यातल्या तक्रारी कमी आढळतात. एकाच घरात राहणाऱ्या सावत्र वडिलांशी असलेल्या नात्याचा संबंध किंग यांना थोडा अधिक ठळक दिसला. अर्थात, मुळात शांत असलेल्या मुलाशी नातं जुळणंही सोपं जातं, त्यामुळे सगळं श्रेय नात्याला देता येणार नाही. दूर राहणाऱ्या वडिलांविषयीच्या ६३ अभ्यासांचा आढावा १९९९ मध्ये निघाला होता. त्यात भेटी किती होतात यापेक्षा जवळीक किती आहे, याला जास्त वजन होतं.

घाई मात्र नडते. ओळख मुरण्याआधी सावत्र वडिलांनी शिस्त लावायला घेतली की मूल दुरावतं. सुरुवातीला रागावण्याचं काम आईकडेच राहू द्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे हा पेच नावातच येतो, कारण मधल्या नावाला जागा एकच. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक ठरवताना 'पिता' या शब्दात सावत्र पिता धरलेला नाही; त्यासाठी दत्तकविधान लागतं. २०२२ मध्ये एका विधवा आईच्या प्रकरणात, कागदोपत्री नव्या पतीपुढे 'सावत्र पिता' लिहा हा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. अशा नोंदीनं मुलाच्या मनावर काय परिणाम होईल, याचा विचार तिथे झाला.