घोंगडीच्या लोकरीचे मोजे

गेल्या डिसेंबरात चिक्कोडीहून निपाणीकडे येताना ऊस तुटून गेलेल्या एका रानात मेंढरं बसलेली दिसली. शेतकऱ्यानं खतासाठी बसवून घेतलेली. मी गाडी कडेला लावली आणि कळपापाशी उभ्या असलेल्या मामांना विचारलं, थोडी लोकर मिळेल का? ते आधी माझ्याकडे, मग गाडीकडे बघत राहिले. “घेऊन काय करणार, बाई?” मी म्हटलं, मोजे. त्यावर पालात बसलेली त्यांची आई जी हसायला लागली, ती थांबेचना.

लोकर मात्र मिळाली. ते पोतं देत होते, मी पिशवीभर घेतली. पैसे घेईनात. कातरायची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणाले, बऱ्याचदा बांधावरच टाकून देतो.

चार वर्षं मी मोजे विणते आहे. दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुया, गोलात ६४ टाके. दीडशे ओळी विणल्या की एका पायात साडेनऊ हजारांच्या वर टाके होतात, आणि मग दुसरा पाय उरतोच. ‘बेळगावच्या खडे बाजारात शंभराला तीन जोड मिळतात’ हे वाक्य घरातल्या प्रत्येकानं एकेकदा म्हणून झालं आहे. लोकर नेहमी विकतची, परदेशी मेरिनो मेंढीची, मऊ. पण आपल्या जिल्ह्यात एवढी मेंढरं फिरत असताना मोज्याची लोकर ऑस्ट्रेलियातून का यावी, हा प्रश्न डोक्यात बसला होता. त्यासाठी आधी सूत काढायला शिकावं लागलं. मराठीत कातरणं आणि कातणं यांत एका ‘र’चाच फरक. प्रत्यक्षात त्या ‘र’मध्ये धुणं, वाळवणं, निवडणं आणि विंचरणं एवढं सगळं बसतं. मी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतली आणि कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश आणून विंचरली. पिशवीभर लोकरीतून काटेकुटे, कुसळं आणि लेंड्या वगळता जेमतेम अर्धी उरली.

आता मूळ गंमत. विंचरलेल्या लोकरीचा झुपका दोन हातांत धरून ओढा, तो आवाजही न करता सुटून येतो. तोच झुपका चिमटीत चार-सहा वेळा पिळा आणि मग ओढा. तुटत नाही. काहीही चिकटवलं नाही, बांधलं नाही, केस तेच, बोटा-दोन बोटांचे. ज्यांनी घरी समईच्या वाती वळल्या आहेत त्यांना हे हाताला माहीत आहे. तळहाताला भस्म लावून वात वळतात, कारण कापूस घामट हातावर नीट वळत नाही.

गॅलिलिओनं १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हाच प्रश्न घातला होता: दोर शंभर हात लांब, त्यातले तंतू दोन-तीन हातांचे, मग दोर ओढल्यावर तंतू एकमेकांतून निसटत का नाहीत? उत्तर पिळात आहे. पिळलेल्या सुतातला प्रत्येक तंतू मळसूत्रासारखा फिरत गेलेला असतो. सूत ओढलं की हे वेटोळे सरळ व्हायला बघतात, पण आतले तंतू वाटेत असतात. म्हणून बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात. आवळलं की घर्षण वाढतं. जितकं ओढाल तितकं सूत स्वतःलाच घट्ट धरतं. २०१८ मध्ये वॉरन, बॉल आणि गोल्डस्टीन या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं. एका तंतूला शेजारच्या तंतूंचे स्पर्श पुरेसे मिळाले की एक उंबरठा ओलांडला जातो. त्याच्या अलीकडे सूत घसरून सुटतं, पलीकडे गेल्यावर घसरत नाही, तुटायचंच झालं तर तंतूच तुटावे लागतात. आपल्या अंगावरचे कातलेल्या सुताचे सगळे कपडे त्या उंबरठ्याच्या पलीकडे आहेत.

म्हणून पीळ भरमसाट द्यावा असं नाही. फार पिळलं की तंतू इतके आडवे होतात की लांबीच्या दिशेनं भार घ्यायला कुणी उरत नाही. सूत ताठ होतं, स्वतःभोवती गुंडाळून त्याची गुंतागुंत होते आणि एका क्षणी तुटतं. माझे पहिले आठ दिवस यातच गेले.

सुताला लटकून फिरत पीळ देणारी माझी टकळी घरगुती आहे: बांबूची काडी आणि बिनकामाच्या दोन सीड्या. सीडीचं वजन मध्यापासून लांब, कडेला पसरलेलं. वजन तेवढंच ठेवून ते मध्यापासून दुप्पट लांब नेलं तर फिरण्याचं जडत्व चौपट होतं, त्यामुळे अशी टकळी हळू पण बराच वेळ फिरते. लोकरीला ते चालतं, कारण तंतू लांब असतात आणि थोड्या पिळात धरतात. कापसाचे तंतू आखूड. त्यांना इंचामागे पीळ जास्त लागतो आणि सुटं सूत वजन पेलत नाही, म्हणून आपली जुनी पितळी चकतीची टकळी लहान, हलकी आणि भन्नाट वेगानं फिरणारी असते.

टकळी हातात धरल्यावर बेळगावात १९२४ आठवल्याशिवाय राहत नाही. गांधीजींनी अध्यक्षपद घेतलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन त्या डिसेंबरात आमच्या टिळकवाडीच्या परिसरात भरलं, आणि तिथंच ठरलं की सभासदाची वर्गणी पैशात नाही, सुतात: महिन्याला २,००० वार. स्वतः कातलेलं, किंवा ते जमत नसेल तर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. पुढच्याच वर्षी ही सक्ती सैल करावी लागली. मी एकदा हिशेब केला. २,००० वार म्हणजे सुमारे १,८३० मीटर. माझ्या एका जोडीला तिपदरी सूत ४०० मीटर लागतं, म्हणजे एकेरी १,२०० मीटर. काँग्रेसची महिन्याची वर्गणी म्हणजे दीड जोड मोजे. मला एका जोडीचं सूत काढायला अडीच महिने लागले. सभासद का पळाले असतील हे मी समजू शकते.

कातताना हाताला सगळ्यात आधी कळणारी गोष्ट म्हणजे पीळ बारीक जागी धावतो. सूत एकसारखं कधीच निघत नाही, कुठं दोऱ्यासारखं, कुठं सुरवंटासारखं फुगलेलं. बारीक जागा पिळायला सोपी, जाड जागा फार अवघड. भरीव दांड्याची जाडी दुप्पट झाली तर तो पिळायला सोळापट जोर लागतो. सूत काही भरीव दांडा नव्हे, पण कल तोच. त्यामुळे आलेला पीळ बारीक भागात जमा होतो आणि फुगीर भाग मोकळाच राहतो. कातणाऱ्याला हे वरदान आहे. फुगीर भागात तंतू अजून सुटे असतात, तो हळूच ओढला की तंतू सरकून तोही बारीक होतो आणि मग पीळ तिकडे वळतो. सूत आपलं आपणच सारखं होत जातं, हात मध्ये न आला तर. माझा हात बराच मध्ये आला.

पहिला मोजा मी एकेरी सुताचा विणला आणि तो पायावर गोल फिरत गेला. टाक्यांची उभी रांग घोट्यावरून सुरू होऊन तळव्याच्या बाजूला उतरली. सुतातला पीळ उलगडायला बघतो, प्रत्येक टाका किंचित कलतो आणि साडेनऊ हजार किंचितांचा अख्खा मोजा तिरका होतो. उपाय जुनाच आहे: तीन एकेरी सुतं घ्यायची आणि उलट्या दिशेनं एकत्र पिळायची. प्रत्येक पदराचा उलगडण्याचा हट्ट तिघांच्या एकत्र पिळाचा हट्ट मारतो. जमलं की लडी हातातून सोडल्यावर न फिरता शांत लटकते.

आता टोचण्याकडे येऊ, कारण पालातली म्हातारी त्यालाच हसली होती. मेरिनोचा तंतू साधारण १८ ते २२ मायक्रॉन जाडीचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या दख्खनी मेंढीचे तंतू सरासरीनं ४० मायक्रॉनच्या पुढं जातात, आणि त्यातले बरेच केसाळ, मधून पोकळ गाभ्याचे असतात. सुतातून बाहेर डोकावणारं टोक कातडीला लागलं की एक तर ते वाकतं, नाही तर टोचतं. काडी किती दाबल्यावर वाकते हे तिच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून आहे. जाडी दुप्पट म्हणजे वाकवायला सोळापट जोर. साधारण ३० मायक्रॉनच्या वरची टोकं वाकण्याआधी त्वचेतल्या वेदनेच्या नसांना जागं करतात. अशी टोकं शंभरात पाच असली तरी कापड टोचरं वाटायला पुरतात. बरेच लोक याला लोकरीची अ‍ॅलर्जी म्हणतात. बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी नसते, भूमिती असते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला धनगर जावळ म्हणतात आणि जावळाची घोंगडी वेगळ्या भावानं विकली जाते, त्याचं कारणही हेच: तंतू बारीक.

पण जो दोष मोज्यात, तोच घोंगडीत गुण. खड्डामागावर, म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो त्या मागावर, ताण्याची म्हणजे उभी सुतं सतत घासली जातात, तिथं ताठ, भरभक्कम सूत लागतं. त्यालाही चिंचोक्याची खळ देऊन आणखी ताठ करतात. खानापूरच्या पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन रोप लावणारा माणूस आतून कोरडा आणि ऊबदार राहतो, याला दोन कारणं आहेत. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, कौलारू छपरासारखे एकावर एक, आणि त्यांचा बाहेरचा थर स्निग्ध असतो, त्यामुळे थेंब ओघळतो. पण पाण्याची वाफ खवल्यांमधून आत जाते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ही वाफ तंतूतल्या प्रथिनाला चिकटताना उष्णता बाहेर पडते. जुलैत बेळगावात चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि सुती मोजे दोरीवर आंबतात, तेव्हा लोकरीचा मोजा पायात घालून बघावा. पुस्तकातली ‘शोषणाची उष्णता’ तेव्हा समजते.

त्याच खवल्यांनी माझा एक जोड खाल्लाही. खवल्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे असतात, म्हणून तंतू एका दिशेनं सहज सरकतो, उलट दिशेनं अडतो. गरम साबणाच्या पाण्यात हलवलं की प्रत्येक तंतू मुळाच्या दिशेनं पुढं पुढं जातो आणि मागं येऊ शकत नाही. मेरिनोचा नवा कोरा जोड कुणीतरी चादरींबरोबर वॉशिंग मशीनला लावला. बाहेर आला तेव्हा तो बाहुलीच्या मापाचा आणि चपलेच्या तळासारखा घट्ट होता. कुणी लावला ते सांगत नाही, घरात शांतता आहे.

विणकामाबद्दल थोडंच सांगते. कापड मागावर विणतात तेव्हा सुतं सरळ असतात, म्हणून ताणत नाहीत. मोजा म्हणजे फासेच फासे. ओढल्यावर सूत लांबत नाही, फाशाचं वळण बदलतं. सुलट-उलट टाक्यांचा घोट्यावरचा पट्टा सगळ्यात जास्त ताणतो, कारण सुलट टाके एका बाजूला वळू बघतात, उलट टाके दुसऱ्या, आणि कापड पंख्यासारखं मिटून बसतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या एलिझाबेटा मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये साध्या चार विणी ताणून मोजल्या. सूत तेच असूनही टाक्यांच्या मांडणीनुसार ताण घेण्याचं वागणं बदलतं, हे त्यांनी गणितासकट दाखवलं.

टाच मात्र मला अजूनही जादू वाटते. भडंगाचा पुडा कागदाचा होतो, कारण शंकूला सपाट कागद सुरकुतीशिवाय लपेटता येतो. त्याच कागदात लिंबू गुंडाळून बघा. टाच लिंबाच्या जातीची. शिंपी अशा वेळी कापून शिवण घालतो. विणणारा नुसता अर्ध्या वाटेतून परत फिरतो: ६४ पैकी ३२ टाक्यांवर पुढं-मागं, दर वेळी एक टाका कमी, मग एकेक परत घ्यायचा. मधल्या टाक्यांना जास्तीच्या ओळी मिळतात, कापडाला तिथं पोट सुटतं, आणि त्या पोटात टाच बसते.

मार्चमध्ये दख्खनी मोज्यांचा जोड पुरा झाला. काळा, मध्ये करडे पट्टे, जड. आत सुती मोजा घातला तर सोसतो, नुसता घातला तर शिक्षा. तो आणि उरलेल्या एकेरी सुताची गुंडी घेऊन मी पुन्हा त्या रस्त्याला गेले. कळप दोन गावं पुढं सरकला होता, विचारत विचारत सापडला. मामांनी मोजा हातात घालून पालथा-उताणा बघितला आणि काहीच बोलले नाहीत. आज्जीनं मोज्याकडे बघितलंही नाही. गुंडी घेतली, हातभर सूत सोडवलं आणि दोन्ही हातांनी एक हिसका दिला. तुटलं. मला वाटलं होतं बारीक जागी तुटेल. ते सगळ्यात जाड, फुगीर जागी सुटलं होतं.

“हितं पीळच नाही की गे,” ती म्हणाली. मग दोन्ही टोकं तोंडात ओली केली, एकमेकांवर ठेवली, तळहातावर एकदा जोरात फिरवली आणि सूत माझ्या हातात दिलं. मी ओढून बघितलं.

“ओढ, ओढ,” आज्जी म्हणाली.